लाखेच्या तीन मोहरा

हरिदास ताकसांडेची रजा मंजूर झाली होती. रजेचा कागद खिशात घालून तो जिना उतरत होता, तेवढ्यात वरून शिपायानं हाक मारली, "साहेब बोलावतात."

ही गोष्ट एकोणीसशे छप्पन सालची, ऑक्टोबरच्या अकरा तारखेची. हरिदास तेव्हा तीस वर्षांचा होता. गाव आंजी मोठी, जिल्हा वर्धा. नोकरी दिल्लीत, मंत्रिमंडळाच्या सचिवालयात जावक कारकुनाची.

गावात हे सचिवालय म्हणजे काय ते कोणाला कळत नसे. कोणाला वाटे हरिदास मंत्र्यांच्या घरी काम करतो, कोणाला वाटे तो मंत्र्यांना काय बोलायचं ते लिहून देतो. हरिदास सांगायचा, "मंत्री निर्णय घेतात. पण निर्णय घ्यायच्या आधी कोणापुढे कोणता कागद गेला पाह्यजे, आणि निर्णय झाल्यावर तो खरंच अमलात आला का, हे आमचं ऑफिस पाह्यते." एका खात्यानं टिपण पाठवलं की ज्या दुसऱ्या खात्यांचा त्याच्याशी संबंध आहे त्यांना विचारलं की नाही हे आधी तपासायचं. मग बैठकीची विषयपत्रिका. मग प्रत्येक मंत्र्याला एकेक प्रत, आणि प्रत्येक प्रतीवर वेगळा आकडा. बैठक झाली की सगळ्या प्रती मोजून परत. एक जरी कमी आली तर सगळी शाखा उभी राहायची. हरिदासचं काम आकडा चढवायचा, पाकीट बंद करायचं, लाख ओतायची आणि मोहर उठवायची. सात वर्षांत त्याच्या हातून एकही प्रत हरवली नव्हती.

साहेबांनी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

"ताकसांडे, तुमचं गाव वर्ध्याकडे ना? आर्वी कुठे आहे?"

"वर्ध्याहून मोटरनं दीड-दोन तास, साहेब. माझ्या गावावरूनच रस्ता आहे."

साहेबांनी सांगितलं ते असं. मंत्रिमंडळातले एक ज्येष्ठ मंत्री प्रकृतीसाठी म्हणून आर्वीजवळ एका बागायतदाराच्या बंगल्यात आठ दिवस राहायला गेले होते. सोमवारी अकरा वाजता बैठक होती. एका विषयावर त्यांचं लेखी मत आल्याशिवाय तो विषय बैठकीत घेता येत नव्हता. तारेनं, फोननं विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. असे कागद नेणारा नेहमीचा जासूद तापानं पडला होता.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघा. पाकीट खुद्द मंत्र्यांच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्याही नाही. मत घ्यायचं, रविवारी सकाळची गाडी धरायची. सोमवारी दहाच्या आत इथे."

हरिदासनं खिशातला कागद काढला. "साहेब, शनिवारपासून माझी रजा आहे."

साहेबांना ते आठवलं. रजा कशासाठी आहे हेही त्यांना ठाऊक होतं, कारण महिनाभर त्या शाखेतले चार जण त्याच दिवसाबद्दल बोलत होते. रविवारी, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला धम्मदीक्षा होती. हरिदासनं आईला लिहून कळवलं होतं की मी येतो, आपण मिळून जाऊ.

साहेबांनी रजेचा कागद वाचून परत दिला. मग म्हणाले, "दुसरा माणूस पाठवला तर त्याचा अर्धा दिवस रस्ता विचारण्यात जाईल. मी हुकूम करत नाही. विचारतोय."

हरिदास मग पुष्कळ वर्षं म्हणायचा, हुकूम केला असता तर बरं झालं असतं.

त्यानं कागद परत खिशात ठेवला आणि म्हणाला, "पाकीट केव्हा तयार होईल, साहेब?"

ते त्यानंच तयार केलं. खात्याचं अक्षर आणि आकडा चढवला, तीन ठिकाणी लाख ओतली, तीन मोहरा उठवल्या. खाकी कापडाच्या पिशवीत घातलं. पिशवीची साखळी कमरेच्या पट्ट्यात अडकवली आणि वरून कोट घातला.

गाडीत इटारसीपासून गर्दी वाढत गेली. बैतूलपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांच्या गाठोड्यांत धुतलेली पांढरी लुगडी होती. कोणी मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू घेऊन आलं होतं, कोणी आंधळ्या बापाला. सगळे जण एकमेकांना गाव विचारत होते. हरिदासच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याला भाकर दिली आणि त्याच्या पोटाशी फुगलेल्या कोटाकडे पाहून विचारलं, "पोटात दुखते का, बापू?"

"नाई, बाबा."

"मंग असा धरून काऊन बसला?"

हरिदासनं हात काढला, पण थोड्या वेळानं तो आपोआप तिथेच गेला.

शनिवारी सकाळी नागपूर आलं. अख्खा डबा रिकामा झाला. म्हातारा खाली उतरला, खिडकीशी आला. "उतरत नाई का? आपलं ठेसन आलं ना!"

"मले पुढे जायचं आहे, बाबा."

"पुढे?" म्हाताऱ्याला काही कळेना. "आता पुढे काय आहे?"

गाडी सुटली तेव्हा डब्यात हरिदास आणि दोन मद्रासी व्यापारी एवढेच उरले होते.

वर्धा स्टेशनवर जीप उभी होती. ड्रायव्हर माणिक तिथलाच, विशी ओलांडलेला, बडबड्या. तो हरिदासला साहेब म्हणाला. हरिदासनं दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

रस्त्यावर सगळी वर्दळ उलट्या दिशेनं येत होती. बैलबंड्या, सायकली, पायी चालणारी माणसं, सगळी वर्ध्याकडे, वर्ध्याहून गाडीनं नागपूरकडे. माणिकला सारखी जीप बाजूला घ्यावी लागत होती. आंजीच्या अलीकडे इंजिन तापलं. पाणी घालायला त्यानं गावाच्या फाट्यावरच्या विहिरीशी जीप थांबवली.

थांबायचं नाही असं साहेबांनी सांगितलं होतं. पण इंजिनातून वाफ निघत होती, तिथे हरिदासचा इलाज नव्हता. आणि विहिरीपासून पन्नास पावलांवर सहा बंड्या जुंपून उभ्या होत्या, त्यातल्या तिसरीत त्याची आई बसली होती.

धुरपताबाईनं त्याला आधी ओळखलं. "आला गं बाई! म्या म्हनलं होतं ना, येतेच तो म्हणून!" ती बंडीतून उतरायला लागली. हरिदासची बायको अन्नपूर्णा तिला धरायला धावली. दोघींच्या अंगावर पांढरी लुगडी होती.

"माय, बस. उतरू नको."

"काऊन? ही मोटर आपल्याचसाठी आणली ना?"

हरिदासनं तिला सांगितलं. सरकारी काम आहे. आर्वीले जायचं, उद्या सकाळी परत गाडी धरायची, दिल्लीले जायचं. नागपूरले उतरता येत नाई.

अन्नपूर्णा खाली पाहत राहिली. धुरपताबाई लेकाच्या कोटाकडे, कोटाखालच्या साखळीकडे बघत होती.

हरिदासचा बाप रामाजी गावचा महार म्हणून सरकारी टपाल वाहायचा. आंजीहून आर्वीला, आर्वीहून वर्ध्याला, उन्हात, पावसात, पायी. कागद कशाचा आहे ते त्याला कधी कोणी सांगितलं नाही, आणि कचेरीच्या ओट्यावर त्याला कधी कोणी बसू दिलं नाही. तसाच एक लखोटा पोचवून परत येताना रस्त्यात तो उन्हानं कोसळला आणि गेला. हरिदास तेव्हा अकरा वर्षांचा होता.

"तुह्या बापानं सरकारचे कागदच वाह्यले," धुरपताबाई म्हणाली. "तुले शिकवलं ते यासाठीच का रे? तूही तेच करून राह्यला."

हरिदासला म्हणायचं होतं की मला पगार मिळतो, खुर्ची मिळते, सही करून कागद मिळतो. पण त्या क्षणी आईसमोर उभा असताना त्यातलं काहीच त्याला बोलण्यासारखं वाटलं नाही.

"माय, तू जाय. हे सगळे आहेत, अन्नपूर्णा आहे."

"तुह्याबिगर मी नाई जात. बाप नाई, लेक नाई, मी एकटी कोनाच्या नावानं जाऊ?"

"साहेब, पाणी झालं!" माणिकनं हाक दिली.

हरिदास अन्नपूर्णेला एवढंच म्हणाला, "तिले घेऊन जाजो." ती म्हणाली, "पाहीन." दुसरं काही बोलायला वेळ नव्हता.

आर्वीबाहेरच्या बंगल्यावर अकराच्या सुमारास जीप पोचली. मंत्री तिथे नव्हते. पलीकडच्या एका गावी सकाळीच गेले होते, दिवेलागणीपर्यंत येणार होते. व्हरांड्यात त्यांचे स्वीय सहायक कृष्णकांत देशकर होते. चाळिशीचे, चष्मा, झकपक धोतर.

"आणलंत? द्या इकडे."

"साहेब, खुद्द मंत्रिसाहेबांच्या हातात द्यायचा हुकूम आहे."

"मी त्यांचा सहायक आहे. त्यांचे सगळे कागद माझ्याच हातून जातात."

"जात असतील, साहेब. हा नाही जाणार."

कृष्णकांतांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हरिदासच्या ओळखीचं होतं. "मग बसा तिकडे," ते म्हणाले, आणि तिकडे म्हणजे व्हरांड्याच्या पायरीखाली, कडुलिंबाच्या बुंध्याशी.

हरिदास बसला. पिशवी पोटाशी होती. पाणी मागायला व्हरांड्याची पायरी चढावी लागली असती, म्हणून तो उठला नाही. माणिकनं आणलेला चहा त्यानं घेतला. ऑक्टोबरचं ऊन होतं. बारा वाजले, एक वाजला. पंधरा-पंधरा मिनिटांनी तो कोटात हात घालून पाकिटाच्या कडा चाचपून पाहत होता. आई गेली की घरी परतली, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

तीनच्या सुमारास फाटकातून एक काळी मोटर आत आली. तीतून एक गोरेपान, वाकलेले गृहस्थ उतरले आणि सरळ झाडाकडे आले.

"हरिदास! अरे, ऊठ, ऊठ. खाली काय बसलास?"

ते दत्तोपंत मुळे होते. हरिदास उठला आणि त्यांच्या पाया पडला.

दत्तोपंत कोण, हे सांगितलं पाहिजे. ते आंजीच्या शाळेत मास्तर होते. हरिदास पहिलीत गेला तेव्हा त्याला शाळेच्या ओट्यावर, दाराबाहेर बसवत. दत्तोपंत बदलून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचा हात धरून त्याला आत आणून पहिल्या ओळीत बसवलं. गावानं आठ दिवस पोरं शाळेत पाठवली नाहीत. आठ दिवस दत्तोपंत एकट्या हरिदासला शिकवत बसले, वेळेवर घंटा देऊन, वेळेवर सोडून. नवव्या दिवशी पोरं आली. मॅट्रिकनंतर दिल्लीच्या नोकरीची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून त्यांनीच त्याला पाठवली होती. पुढे त्यांनी शाळा सोडली आणि मेहुण्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात भागीदार झाले. आता ते आर्वीच्या बाजारात कापसाचे सौदे करत.

"माणिकनं बाजारात सांगितलं, दिल्लीहून आंजीचे ताकसांडेसाहेब आले म्हणून. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!" दत्तोपंतांचे डोळे खरंच ओले झाले होते. "उद्या नागपूरला जायचं असेल ना तुला? आई कुठे आहे?"

हरिदासनं सांगितलं. आईचं बोलणंही सांगितलं. दुसऱ्या कोणाला तो ते बोलला नसता.

"अरे, मग त्यात काय! ही मोटर आहे. मी आत्ता आंजीला पाठवतो. घरी असेल तर घरून, रस्त्यात असेल तर रस्त्यातून तिला उचलून संध्याकाळी नागपूरला पोचवतो. पाहुण्यांच्या घरी उतरवतो. म्हातारीचे पाय तरी चालतील का इतकं?"

हरिदासनं हात जोडले.

दत्तोपंत जवळ सरकले. आवाज खाली आणला. "एक विचारू? तुझ्याजवळ जे आहे, ते मला बघायचं नाही. उघडायचं तर नावच काढू नको. पाकिटावर खात्याचं अक्षर असतं आणि नंबर असतो. ते अक्षर तेवढं सांग. शेतीखात्याचं की व्यापाराचं, एवढंच. कापसाचं काही ठरतंय असं बाजारात आठ दिवस बोलतात. मेहुण्याचा सगळा माल अडकून पडलाय. अक्षर कळलं तर विकायचं की थांबायचं ते कळेल. कोणाचं नुकसान नाही त्यात."

अक्षर हरिदासला माहीत होतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते लिहिलं होतं. जिभेच्या टोकावर होतं ते. एक अक्षर, आणि आई संध्याकाळी नागपुरात.

दूर कुठेतरी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"गुरुजी," हरिदास म्हणाला, "तुम्ही काय विचारलं ते मले ऐकू आलं नाई."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला.

"आमच्याकडे नियम आहे," हरिदास पुढे म्हणाला. "कोणी विचारलं तर त्याचं नाव लिहून द्यावं लागते. म्हणून म्हणतो, ऐकू आलं नाई. तुम्ही आता जा, गुरुजी. मी तुमच्या पाया पडतो."

दत्तोपंत गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मेहुण्याचं ओझं होतं, आठ दिवसांची झोप नव्हती, आणि समोर उभा होता तो आपणच घडवलेला मुलगा.

"मी तुला आत बसवलं होतं, हरिदास," ते म्हणाले. "सगळं गाव अंगावर घेतलं होतं. मी तुझ्याकडे काय मागतोय? एक अक्षर. कोणत्या खात्याचं आहे, सांग."

हरिदास काहीच बोलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात कोटावर होते. दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि ते एकदम वळले. मोटर फाटकातून बाहेर गेली. ती आंजीकडे गेली नाही, बाजाराकडे गेली. व्हरांड्यातून कृष्णकांत हे सगळं पाहत होते.

दिवे लागले तेव्हा मंत्री आले. थकलेले, शालीत गुंडाळलेले. हरिदासनं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दिव्याखाली तिन्ही मोहरा पाहिल्या, सही केली, आत गेले. अर्ध्या तासानं कृष्णकांतांनी त्याला आत बोलावलं.

मंत्री खुर्चीत बसले होते. "बाजारात कापसाचा भाव संध्याकाळी अचानक चढला म्हणतात," ते म्हणाले. "दुपारी एक व्यापारी तुम्हाला भेटून गेला. खरं?"

"खरं, साहेब."

"कोण होता?"

"माझे शाळेतले गुरुजी."

"काय सांगितलंत त्याला?"

"काही नाही, साहेब."

"मग भाव का चढला?" हे कृष्णकांत बोलले.

"ते मला माहीत नाही. गुरुजींना बंगल्यातून बाहेर पडताना लोकांनी पाहिलं असेल. मोहरा तुम्ही पाहिल्या आहेत, साहेब. जे विचारलं गेलं ते मी माझ्या कार्यालयाला लेखी कळवणार आहे."

मंत्री त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपलं मत लिहिलेला कागद नव्या पाकिटात घातला, स्वतःच्या अंगठीनं लाखेवर मोहर केली आणि पाकीट त्याच्याकडे दिलं. "सोमवारी दहाच्या आत," एवढंच ते म्हणाले. विश्वास ठेवला की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

कृष्णकांतांनी बाहेर येऊन सांगितलं, "मी दिल्लीला लिहिणार आहे. तुम्हीही लिहा. बघू कोणाचं वाचतात ते."

पहाटे जीप निघाली. आंजीला आली तेव्हा उजाडत होतं. माणिकनं न विचारता वेग कमी केला. वस्तीत एकही माणूस नव्हता. चुली थंड, दारांना कड्या, एका ओट्यावर कुत्रं झोपलेलं. हरिदासच्या घराच्या दारालाही कडी होती. विचारायला कोणीच नव्हतं. म्हणजे आई निघाली तरी होती. की रस्त्यातून कोण्या पाहुण्याकडे जाऊन बसली होती?

वर्ध्याला दिल्लीची गाडी मिळाली. वाटेत सिंदी स्टेशनवर लोक डब्याच्या दांड्यांना लटकले. नागपूर आलं तेव्हा फलाटावर पांढऱ्या कपड्यांशिवाय दुसरा रंग दिसत नव्हता. माणसं बाहेर चालली होती, एका सुरात काही म्हणत. हरिदास दारात उभा राहिला. कोटाखाली साखळी. इथून मैदान किती असेल? दोन मैल? धावत गेलं तर?

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "हरिदास! ए हरिदास!" आंजीचा प्रेमदास होता, बाहीला पट्टी बांधून लोकांना वाट दाखवत होता. तो धापा टाकत डब्याशी आला. "अबे, उतर ना! तुही माय आली आहे!"

"कुठे आहे?"

"मैदानाबाहेर बसली आहे झाडाखाली. कालपासून. अन्नपूर्णावहिनी समजावून थकली. हरिदास आल्याबिगर आत जात नाई म्हणते. हे पाह्य, आता सुरू होऊन राह्यलं असन. उतर लवकर!"

इंजिननं शिट्टी दिली.

हरिदासनं एक पाय पायरीवर ठेवला. पुढे अनेक वर्षांनी त्यानं कबूल केलं की तो पाय त्यानं खरंच उतरण्यासाठी ठेवला होता. पाकीट घेऊनच जाऊ, पुढची गाडी धरू, सांगू की गर्दीत अडकलो. कोण विचारणार होतं? पण पुढची गाडी सोमवारी दहाच्या आत पोचत नव्हती, आणि आर्वीहून एक पत्र निघालं होतं. पाकीट उशिरा आलं की त्या पत्रातला प्रत्येक शब्द खरा ठरणार होता.

गाडी हलली. त्यानं पाय वर घेतला.

"प्रेमदास!" तो ओरडला. "तिले सांग, हरिदासनं सांगितलं. माह्या वाटची दीक्षा तूच घेजो म्हणा! माह्यासाठी थांबू नको म्हणा! सांगशील?"

प्रेमदास गाडीबरोबर धावत होता. त्यानं हात वर केला. ऐकू आलं म्हणून की निरोप म्हणून, ते हरिदासला समजलं नाही.

सोमवारी पावणेदहाला तो सचिवालयाच्या जिन्यात होता. साहेबांनी मोहर पाहिली, वेळ लिहिली, सही घेतली. "बरं झालं," म्हणाले. अकराला बैठक सुरू झाली. हरिदास आपल्या टेबलाशी बसला आणि त्यानं कोरा कागद ओढला. तारीख, वेळ, जागा. मग विचारणाऱ्याचं नाव. दत्तोपंत मुळे, हे दोन शब्द लिहायला त्याला पाऊण तास लागला. शेवटी त्यानं एक ओळ जास्तीची लिहिली, जी नियमात नव्हती: 'हे माझे गुरू असून त्यांनी मला माणसात बसवले.' साहेबांनी ती ओळ वाचली आणि खोडली नाही.

गुरुवारी कृष्णकांतांचं पत्र आलं. चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत हरिदासला गोपनीय कागदांपासून दूर केलं गेलं आणि तळमजल्यावर जुने छापील कागद जुळवायला बसवलं. ओळखीचे लोक जिन्यात भेटले की घाईत असल्यासारखे पुढे जात.

त्याच आठवड्यात घरून कार्ड आलं. अन्नपूर्णेनं शाळेतल्या मास्तरणीकडून लिहून घेतलं होतं. प्रेमदासनं निरोप दिला. आईनं तो तीन वेळा सांगायला लावला. रविवारी ती आत गेली नाही. सोमवारी सकाळी परत कार्यक्रम झाला, तेव्हा आपण होऊन उठली आणि गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, दोघांची घेतली. हरिदासनं ते कार्ड उशाखाली ठेवलं. तळमजल्यावरचे दिवस त्यानं त्याच्यावर काढले.

जानेवारीत एक अधिकारी आर्वीला जाऊन आला. बाजारात त्यानं पाच-सहा लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, ठाऊक नाही. मग तो दत्तोपंतांकडे गेला. दत्तोपंतांनी नुसतं नाही म्हटलं असतं तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. हरिदासच्या शब्दाला साक्षीदार नव्हता. पण त्यांनी आपल्या हातानं जबानी लिहून दिली. मी एकदा विचारलं, त्यानं मला जायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा विचारलं, तो गप्प राहिला. मी बंगल्यातून निघालो एवढ्यावरून लोकांनी भाव चढवला आणि मीही तो चढू दिला. दोष माझा आहे.

त्या जबानीमुळे बाजार समितीनं दत्तोपंतांचा परवाना काढून घेतला. मेहुण्यानं बोलणं टाकलं. फेब्रुवारीत हरिदास पुन्हा जावक टेबलाशी बसला.

मे महिन्यात रजा मिळाली तेव्हा तो आधी आर्वीला गेला. दत्तोपंत घराच्या ओसरीवर चार पोरांची शिकवणी घेत होते. हरिदास पायरीशी थांबला.

"वर ये," दत्तोपंत म्हणाले.

"गुरुजी, मी तुमचं नाव लिहिलं."

"माहीत आहे. मला वाचून दाखवलं त्यांनी." त्यांनी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि त्याच्याकडे वळले. "शेवटची ओळसुद्धा. ती नसती तर मी खोटं बोललो असतो, हरिदास. अधिकारी बसला होता तेव्हा माझ्या तोंडात खोटंच तयार होतं."

सुलोचनाबाईंनी, दत्तोपंतांच्या पत्नीनं, आतून थालीपीठ आणलं. हरिदास जेवून निघाला.

आंजीत पौर्णिमेला भिक्खू येणार होते. आसपासच्या वस्त्यांतल्या उरलेल्या पंचवीस-तीस लोकांनी त्या दिवशी दीक्षा घेतली, त्यात हरिदासही होता. दिल्लीहून आणलेला पांढरा सदरा त्यानं घातला होता. भिक्खूंच्या मागून म्हणताना तो एका ठिकाणी अडखळला, तेव्हा मागे बसलेल्या धुरपताबाईनं पुढचा शब्द मोठ्यानं सांगितला. तिला आता सगळं पाठ झालं होतं.

जेवणं झाल्यावर ती त्याला म्हणाली, "तुह्या ऑफिसात आमाले येता येते का रे? पाहू तरी, कसा कागद हाये तो, ज्याच्यासाठी मायले झाडाखाली बसवलं."

"आत नाई येता येत, माय. बाहेरून दाखवतो."

जूनमध्ये तो आईला आणि अन्नपूर्णेला दिल्लीला घेऊन गेला. धुरपताबाईनं टेकडीवरची ती इमारत रस्त्यापलीकडून पाहिली, हरिदास कोणत्या दारानं आत जातो ते विचारून घेतलं, आणि तो आत जाऊन दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.